लेखणी कोणाची, बोल कोणाचे?

आमच्या पारोळ्याच्या माणसाला बोलावयास सांगा. किल्ल्याच्या पडक्या तटाकडे बोट करून तो झाशीच्या नेवाळकरांपासून आरंभ करील, तेथून बोरी धरणाच्या पाण्यावर येईल, आणि एकदा का कपाशीच्या भावाची गोष्ट निघाली की मग त्याला आवरणे ब्रह्मदेवालाही शक्य नाही. त्याच माणसापुढे कोरा कागद ठेवा. घसा कोरडा पडतो, हात जड होतो, आणि शेवटी तो म्हणतो, "तुम्हीच लिहा ना भाऊ, मी सही करतो."

माझी भाची याच मातीतली. घरात अहिराणी, शाळेत पुस्तकी मराठी, आणि पदवीनंतर बंगळुरूच्या एका विद्यापीठात गेली तेव्हा एकदम इंग्रजी! पहिल्याच सत्रात निबंध लिहावयाचा होता. विषय तिने स्वतः निवडला : आमच्या तालुक्यातील कापूस वेचणाऱ्या बाया. मोठ्या हौसेने तिने बारा पाने लिहिली. कागद परत आले ते एका ओळीच्या शेऱ्यासह : 'यात तुमचे स्वतःचे म्हणणे कोठे आहे?'

त्या रात्री तिचा फोन आला. "मामा, मी परत येऊ का?"

तिच्यापुढे दोन वाटा होत्या. वसतिगृहातील एकीने सांगितले होते की पैसे टाकले म्हणजे निबंध तयार मिळतो; आणि हल्ली तर पैसेही नकोत, संगणकाला सांगितले की दोन मिनिटांत तो पाने भरून देतो. दुसरी वाट म्हणजे विद्यापीठाचे लेखन केंद्र. "पण मामा, तिथे कच्ची मुलं जातात. सगळे काय म्हणतील?"

मी म्हटले, "तालमीत जाणाऱ्याला कोणी अशक्त म्हणतं का, पोरी? जाऊन तर बघ."

केंद्रात काय घडले

वाचकांपैकी पुष्कळांनी हे 'लेखन केंद्र' प्रकरण ऐकलेले नसेल. ही शिकवणी नव्हे आणि टंकलेखनाचे दुकानही नव्हे. विद्यार्थ्याने आधी वेळ ठरवून, आपले लिखाण घेऊन जावयाचे. समोर एक जाणता वाचक बसतो आणि त्या लिखाणाविषयी दोघे बोलतात. अमेरिकेत इंडियाना राज्यातील पर्ड्यू विद्यापीठाची लेखन-प्रयोगशाळा १९७६ साली निघाली आणि १९९४ पासून ती इंटरनेटवरही आहे. तिचे मार्गदर्शन जगात कोठूनही फुकट वाचता येते. स्टीफन नॉर्थ या प्राध्यापकाने १९८४ साली या केंद्रांचे मर्म सांगितले, ते असे की सुधारावयाचा तो लिहिणारा. कागद आपोआप सुधारतो. आपल्याकडे हरियाणातील अशोका विद्यापीठासारख्या काही मोजक्या ठिकाणी अशी केंद्रे उभी राहिली आहेत.

भाचीला वाटले होते, आत गेल्याबरोबर तांबड्या शाईची बाटली उघडेल. तसे काही झाले नाही. समोरच्या बाईंनी हातात पेनसुद्धा घेतले नाही. "मोठ्याने वाच," एवढेच म्हणाल्या. तिने वाचले : जगातील कापसाचा इतिहास, मँचेस्टरच्या गिरण्या, कापसाच्या जाती. तीन पाने संपली तरी पारोळा आला नव्हता! वाचता वाचता तिची तीच दोनदा अडखळली. बाईंनी विचारले, "मला एकच पान वाचायला वेळ आहे. कुठलं देशील?"

ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग नववे पान पुढे केले. त्यावर एक साधी हकीकत होती. वेचणीची मजुरी किलोवर ठरते. वजन होते ते दिवस कलल्यावर, आणि काट्याचा आकडा कोणता आला हे वेचणारीला दुसऱ्याने सांगावे लागते. एक म्हातारी तिला म्हणाली होती की कापूस मी वेचला, पण किती वेचला हे मी कधीच पाहिले नाही.

"मग हेच तुझं म्हणणं नाही का?" बाईंनी विचारले.

भाची सांगते, "मामा, मला एकदम रडू आलं. ते वाक्य माझ्याजवळ होतंच. मीच त्याला नऊ पानांखाली पुरून ठेवलं होतं."

पहिली आठ पाने गेली. नववे पान पहिले झाले. इंग्रजी व्याकरणाच्या चुकांकडे पाळी आली ती तिसऱ्या भेटीत. आणि तेव्हाही बाईंनी दोन चुका दाखविल्या व तशाच बाकीच्या तिला शोधावयास लावल्या. गुण म्हणाल तर पूर्वीपेक्षा थोडे बरे पडले. परत येण्याची भाषा मात्र त्यानंतर निघाली नाही.

मोठ्यांनीही पुन्हा लिहिले

दाखविले, ऐकले, पुन्हा लिहिले, यात कमीपणा कसला? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावरील आपला प्रबंध लंडनला १९२२ साली सादर केला. १९२३ च्या मार्चमध्ये तो आहे त्या स्वरूपात स्वीकारता येत नाही असे परीक्षकांनी कळविले. त्यांनी तो सुधारून पुन्हा पाठविला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो मान्य झाला. ग्रंथ छापला गेला तेव्हा प्रस्तावना लिहिली ती त्यांचे गुरू प्राध्यापक एडविन कॅनन यांनी. आणि त्या प्रस्तावनेतच आपले मतभेदही नोंदविले! गुरूने ऐकले, विरोध केला, पण शिष्याचे म्हणणे शिष्याचेच राहू दिले.

आणि आमच्या शेजारच्या अमळनेरचे उदाहरण तर घरचेच. १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी तेथील शाळेत शिक्षक होते. वसतिगृहातील मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचे दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढीत. कागद म्हणजे परीक्षेचा बागुलबुवा नव्हे, आपल्या माणसांशी बोलण्याची जागा आहे, हे मुलांना दाखविण्याचा याहून सोपा मार्ग कोणता?

मदत आणि चोरी

आता कोणी विचारील, मदत घेतली तर लिखाण आपले कसे? याचे उत्तर खानदेशाला परक्याकडे शोधावयास नको. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून जिचे नाव आहे त्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या घरच्या माणसांनी कागदावर उतरविल्या. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी प्रसिद्ध झाली. लेखणी दुसऱ्याची होती. बोल त्यांचे होते. विकतच्या निबंधात नेमके उलटे घडते : लेखणी आपली, सही आपली, आणि बोल भलत्याचेच.

या दुसऱ्या प्रकाराला आता कायद्याचीही वेसण आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे प्रबंधातील मजकूर इतरांच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंत जुळला तर शिक्षा नाही. त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत तो सुधारून पुन्हा द्यावा लागतो. ४० ते ६० टक्के जुळला तर वर्षभर बंदी. आणि ६० च्या वर गेला तर नोंदणीच रद्द! पण नियमाच्या धाकापेक्षा मोठे नुकसान वेगळेच आहे. त्या तयार निबंधात आमची म्हातारी कोठून आली असती?

आपल्या गावी काय करता येईल?

केंद्र ज्यांना लाभले आहे त्यांनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. निबंध देण्याच्या आदल्या रात्री जाऊ नये. अर्धे कच्चे असतानाच जावे. प्राध्यापकांनी दिलेला प्रश्न बरोबर न्यावा. आणि 'हे तपासून द्या' असे न म्हणता, 'माझे म्हणणे येथे कळते का?' असे विचारावे.

ज्यांना ते लाभले नाही त्यांनीही हात टेकू नयेत. याला इमारत लागत नाही. महाविद्यालयाच्या वाचनालयात एक टेबल, आठवड्यातून दोन तास, एक सहनशील शिक्षक आणि वरच्या वर्गातील दोन विद्यार्थी, एवढे भांडवल पारोळ्यातही निघेल. अट एकच : मदत करणाऱ्याने लेखणी हाती घ्यावयाची नाही.

गेल्या दिवाळीत भाची घरी आली होती. फराळाचे ताट पुढे होते तोच शेजारचा मुलगा आपला प्रकल्प घेऊन आला. "ताई, एवढं लिहून दे ना."

तिने कागद वाचला आणि तसाच त्याच्या हातात परत दिला. चकलीचा तुकडा मोडीत म्हणाली, "बस आठे. पहिले सांग, तुले काय सांगनं शे?"

पोरगा आधी लाजला, मग बोलू लागला. चांगला अर्धा तास बोलत होता.