खारेपाटांतील बांध आणि घरची कणगी

आषाढ-श्रावणांत खारेपाटांतील एखाद्या लहान शेतकऱ्याच्या घरीं जाऊन कणगींत डोकावून पाहावें. जुनें भात संपत आलेलें असतें, लावणी नुकतीच उरकलेली असते, आणि नवें भात घरांत येण्यास अजून दोन-अडीच महिन्यांचा अवकाश असतो. जून-जुलैंत यांत्रिक नौकांस मासेमारीची बंदी असल्यामुळें मासळीही महाग होते. ह्याच जिल्ह्याला, तो कुलाबा म्हणून ओळखला जात होता तेव्हांपासून, लोक भाताचें कोठार म्हणत आले आहेत. कोठाराच्या धन्यानें पावसाळ्यांत पिशवी घेऊन रेशनच्या दुकानापुढें उभें राहावें, ह्याचें कारण काय, ह्याचा विचार आमच्या सभासद बंधूंनीं करावा म्हणून हा लेख लिहिला आहे.

प्रथम सरकारी योजनेस तिचें श्रेय दिलें पाहिजे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ सालीं मंजूर झाला व महाराष्ट्रांत त्याचा अंमल १ फेब्रुवारी २०१४ पासून सुरू झाला. पूर्वीं जें धान्य सरकारच्या मर्जीनें मिळत असे तें ह्या कायद्यानें हक्काचें झालें. प्राधान्य कुटुंबांतील प्रत्येक माणसास दरमहा पांच किलो व अंत्योदय कुटुंबास दरमहा पस्तीस किलो असें प्रमाण ठरलें. आरंभीं तांदूळ तीन रुपये व गहूं दोन रुपये किलो दरानें मिळे. १ जानेवारी २०२३ पासून हें धान्य मोफत झालें. ज्यांच्या घरीं दोन वेळां चूल पेटण्याची शाश्वती नव्हती त्यांस ह्याचें मोल विचारावें.

तथापि हिशेब करून पाहूं. पेज आणि भात हेंच ज्याचें अन्न, त्या अंगमेहनत करणाऱ्या माणसास दिवसाला अर्धा किलो तांदूळ लागतो असें धरलें, तर पांच किलो दहा दिवसांत संपतात. उरलेल्या वीस दिवसांची तरतूद घरानेंच करावयाची. अंत्योदयाच्या प्रमाणांत आणखी एक विचित्र गोष्ट आहे, ती कोणी फारशी बोलून दाखवीत नाहीं. पस्तीस किलो हे कुटुंबास ठरलेले असल्यामुळें सात माणसांच्या घरांत दोन्ही शिधापत्रिका सारख्याच ठरतात. आठवें माणूस घरांत आलें कीं अतिगरीब म्हणून निवडलेलें कुटुंब प्राधान्य कुटुंबाच्या पांच किलो मागें पडतें.

धान्याचें सरकारी नियोजन ह्या किनाऱ्यास नवें नाहीं. मे १९४३ मध्यें मुंबई शहरांत रेशनिंग सुरू झालें. त्याच वर्षीं बंगालमध्यें लाखों माणसें अन्नावांचून मेलीं. शहरांस धान्य पुरविण्यासाठीं शेतकऱ्यांवर लेव्ही बसली, आणि बियाणें व खावटी वजा जातां उरलेलें भात सरकारी भावानें घालावें लागे. खावटीचें माप किती धरावें, हाच त्या वेळीं घरोघरचा प्रश्न होता. आजही तोच आहे.

खारेपाटांत ह्या मापाचें उत्तर बांधावर शोधावें लागतें. समुद्राकडील मोठा बांध भरतीचें पाणी अडवितो, पावसाचें पाणी ओहोटीच्या वेळीं उघाडींतून बाहेर जातें, आणि त्याच पावसानें जमिनीवरचें मीठ धुतलें जातें, तेव्हां कोठें भात उगवतें. ही व्यवस्था कोणत्याही खात्यानें निर्माण केलेली नाहीं. आमच्या पूर्वजांनीं बांध घातले, आणि जोळ पद्धतीनें, म्हणजे ज्यांची जमीन बांधाआड त्यांनीं मिळून अंगमेहनत करून, ते राखले.

मात्र बांध शाबूत असतांही कणगी रिकामी राहूं शकते, हें अलिबाग तालुक्यांतील चरी गांवानें दाखवून दिलें आहे. नारायण नागू पाटील ह्यांच्या नेतृत्वाखालीं २७ ऑक्टोबर १९३३ रोजीं सुरू झालेला चरी व आसपासच्या गांवांतील कुळांचा संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षें त्या घरांनीं लांकूडफाटा विकून व खाडींतील मासळी-खेकड्यांवर दिवस काढले. पिकविलेलें भात खोताच्याच कोठारांत जाणार असेल तर नांगर न धरलेला बरा, असा त्यांचा निर्धार होता. पुढें १९४९ चा खोती निर्मूलन कायदा झाला, १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला, आणि कुळें मालक झालीं.

मालकी आली, पण बांध कोणाचा हा प्रश्न मागें राहिला. जमिनीचे तुकडे झाले, तरुण मुलें मुंबईस व कारखान्यांत गेलीं, जोळ मोडली. १९४८ च्या व त्यानंतर १९७९ च्या खारजमीन कायद्यांनीं बांधांचें काम सरकारकडे आलें. पेण येथें त्या खात्याचा विभाग आहे. तेव्हांपासून आम्ही खात्याची वाट पाहतों आणि खातें निधीची. जी खांड दोन हात रुंद असतां पेंढा-चिखल टाकून एका ओहोटींत बुजविली असती, ती मंजुरी येईपर्यंत वीस हात होते. खारें पाणी एकदां आंत शिरलें कीं जमीन धुऊन निघण्यास दोन-तीन पावसाळे जातात. त्या अवधींत तेथें खारफुटी रुजली तर गोष्ट आणखी कठीण. २००५ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें खारफुटी तोडण्यास मनाई केली. बांधाबाहेरील खारफुटी लाटांचा जोर मोडते, म्हणून ती मनाई आम्हांस योग्यच वाटते; परंतु सातबाऱ्यावर भातशेती असलेल्या जमिनींत ती वाढली म्हणजे शेतकऱ्यानें काय करावें, ह्याचें उत्तर कोणी देत नाहीं. कांहींनीं अशा जमिनींत तळीं खणून जिताडा वाढविला व पैसाही मिळविला. कणगी मात्र जिताड्यानें भरत नाहीं.

आतां ज्यांस सातबाराच नाहीं त्यांविषयीं. आमच्या शेतांवर राबणारीं कातकरी कुटुंबें दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तोंवर उचल संपलेली असते. ह्या दिवसांसाठीं सरकारनें १९७८ पासून आदिवासींकरितां खावटी कर्जाची योजना चालविली, आणि २०२० सालीं कर्जाऐवजीं कुटुंबास ४,००० रुपयांचें अनुदान ठरविलें, निम्मे रोख व निम्म्याच्या वस्तू. चांगलें झालें. पण बांधावर माती टाकण्याचे महिने पौष ते वैशाख, आणि नेमक्या त्याच महिन्यांत हीं माणसें पोटासाठीं परगांवीं असतात. बांधाचें काम तेव्हां गांवांतच निघालें, तर त्यांची मुलें शाळेंत राहतील आणि आमचें भात बांधाआड राहील. अन्नखातें धान्य वांटतें, खारजमीन खातें माती टाकतें, आदिवासी खातें खावटी देतें. तिन्ही फायली एकमेकींस कधीं भेटत नाहींत. ज्या राज्यानें १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा केला त्याला त्या एका मेजावर आणणें अशक्य नसावें.

आपल्या हातचें आहे तें आपण करावें. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रानें दिलेल्या पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ ह्या जाती खारेपणा सहन करतात. बांधाजवळच्या खाचरांत त्यांचेंच बियाणें घालावें. रेशन दुकानाच्या दक्षता समितीवर आपल्यापैकीं पुष्कळ जण असतात. त्यांनीं सभेस जावें, आणि वाडीवरील कोणाचें नांव यादींतून गळलें आहे तें पाहावें. बांधाची पाहणी पौष-माघाच्या उधाणाच्या दिवशीं सर्वांनीं मिळून करावी. लहान खांडी त्याच आठवड्यांत बुजवाव्या. मोठ्या खांडींची मापें घेऊन, सातबाऱ्याचे उतारे व ग्रामसभेचा ठराव जोडून, होळीपूर्वीं अर्ज पेणच्या कचेरींत द्यावा व पोंच घ्यावी.