ओळ किती आत सरकवावी?

गणिताच्या पायऱ्या एकाखाली एक लिहिल्या काय किंवा सलग लिहिल्या काय, उत्तर बदलत नाही. तरीही शिक्षक नीट मांडणीचा आग्रह धरतात. कारण नीट मांडणीत चूक चटकन दिसते. संगणकाच्या आज्ञावलीचे, म्हणजे प्रोग्रॅमचेही तसेच आहे. मोठी आज्ञावली अनेक जण मिळून लिहितात आणि ओळ किती आत सरकवावी, कंस कोठे लिहावा, यांवरून हिरिरीने वाद घालतात. हा वाद निरर्थक आहे काय? एक उदाहरण पाहू.

‘सी’ या संगणकभाषेत ओळ आत सरकवण्याला काहीच अर्थ नसतो. एका अटीखाली अनेक आज्ञा हव्या असतील, तर त्या महिरपी कंसात घालाव्या लागतात. कंस नसेल, तर अट फक्त लगतच्या एकाच आज्ञेला लागू पडते. आता हे पाहा :

जर चूक आढळली, तर
    शेवटाकडे जा;
    शेवटाकडे जा;
सही खरी आहे का ते तपासा;

एक ओळ नजरचुकीने दोनदा लिहिली गेली आहे. आपल्या डोळ्यांना दोन्ही ओळी अटीखालच्या वाटतात. संगणक मात्र दुसरी ओळ स्वतंत्र मानतो आणि चूक असो वा नसो, शेवटाकडे उडी घेतो. सही तपासलीच जात नाही. तोवर चूक आढळलेली नसल्यामुळे निकाल लागतो : ‘सर्व ठीक’!

हे उदाहरण काल्पनिक नाही. ॲपल कंपनीच्या फोनमधील सुरक्षित संपर्काच्या आज्ञावलीत नेमका असाच दोष होता. २०१४ च्या फेब्रुवारीत तो दुरुस्त झाला. तोपर्यंत एखादा भामटा खऱ्या संकेतस्थळाचे सोंग घेऊन गुप्त मजकूर वाचू शकला असता. दोन्ही ओळी कंसात असत्या, तर दुसरी ओळ निरुपद्रवी ठरली असती.

यावर उपाय कोणते? १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पायथन’ भाषेत गिदो व्हान रॉसम यांनी सरकवण्यालाच अर्थ दिला. त्यामुळे डोळ्यांना दिसते तेच संगणकही वाचतो. ‘जीसीसी’ हा कंपायलर २०१६ पासून अशा फसव्या मांडणीबद्दल इशारा देऊ शकतो. २००९ मध्ये जाहीर झालेल्या ‘गो’ भाषेबरोबर तर मांडणी आपोआप करून देणारे साधनच मिळते. मग वादाला जागाच उरत नाही!

एकसारख्या मांडणीचा आणखी एक फायदा आहे. कोणी आपल्या आवडीप्रमाणे सगळ्या ओळी सरकवल्या, तर जुन्या-नव्या प्रतींची तुलना करताना शेकडो ओळी बदललेल्या दिसतात आणि खरा बदल त्या गर्दीत लपतो.

लिनक्सच्या नियमांनुसार ओळ आठ अक्षरांइतकी आत सरकवतात, तर पायथनच्या नियमांनुसार चार. दोन्ही पद्धती उत्तम चालतात. तेव्हा मित्रांनो, चार की आठ हा प्रश्न गौण आहे. महत्त्व आहे ते सर्वांनी एकच नियम पाळण्याला. तुम्ही दोघे-तिघे मिळून आज्ञावली लिहाल, तेव्हा पहिली ओळ लिहिण्यापूर्वीच तो ठरवून टाका.