कोशरचा शिक्का आणि आपली हलालची पाटी

मुंबईत मस्जिद बंदर स्टेशनावर रोज चढउतार करणाऱ्या आपल्या व्यापारी बांधवांपैकी किती जणांना ठाऊक असेल, की ते नाव एका यहुदी प्रार्थनास्थळावरून पडले असे सांगतात? सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली या भागात सिनेगॉग बांधले. कोकणातून आलेले बेने इस्रायल लोक त्याला मशीदच म्हणत. हे लोक मराठी बोलणारे, धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावात नाव पडले शनवार तेली. त्यांच्या धर्मप्रमुखालाही काजीच म्हणत.

पॅलेस्टाईनविषयी आमच्या मनात काय आहे ते वाचक जाणतातच. आजचा विषय वेगळा आहे. यहुदी लोकांनी खाण्यापिण्याची शिस्त कशी सांभाळली आणि तिच्यातून बाजारात भरवसा कसा उभा राहिला, हे तिजारत करणाऱ्याने पाहण्यासारखे आहे.

हद्द कोठे आहे

त्यांच्या शरीअतीप्रमाणे जे खाण्यास योग्य ते कोशर. खूर दुभंगलेले आणि रवंथ करणारे जनावर चालते. बकरा चालतो. डुक्कर नाही, उंट आणि ससाही नाही. मासळीला पर आणि खवले हवेत, म्हणून पापलेट चालते, कोळंबी व चिंबोरी नाही. जनावर कापणारा माणूस शिकून तयार झालेला असतो. सुरीच्या धारेला खाच नाही ना, हे तो नखावर तपासतो. कापल्यावर फुप्फुस पाहतात, ठराविक चरबी आणि मांडीची नस काढून टाकतात. मग मांस अर्धा तास पाण्यात, एक तास मिठात ठेवून धुतात, कारण रक्त त्यांनाही हराम आहे.

मांस आणि दूध मात्र एकत्र येऊ द्यायचे नाही. भांडी वेगळी. मटण खाल्ल्यावर बरेच लोक सहा तास दुधाला शिवत नाहीत. आपल्या बिर्याणीला दही लागते. बेने इस्रायल घरात मटणाच्या रश्शाला नारळाचे दूध घालतात.

शनिवारी चूल पेटवायची नाही, म्हणून शुक्रवारी सूर्य मावळण्यापूर्वीच हंडी मंद आचेवर चढवून ठेवण्याची रीत अनेक देशांत आहे. आपल्या निहारीसारखीच ती रात्रभर शिजते. कोकणात द्राक्षाची दारू कोठून आणणार? तेथे मनुका भिजवून त्यांच्या सरबतावर दुआ म्हणू लागले. नव्या वर्षाला गव्हाचा चीक आणि नारळाचे दूध घालून हलवा करतात. मन्नत फेडायची असेल तर पोहे, खोबरे, साखर आणि फळे घालून मलिदा करतात. तो पैगंबर एलियाहू यांच्या नावाने. आपण त्यांनाच हजरत इलियास (अ.स.) म्हणतो.

सौदा म्हणजे सौदा

वल्हांडण सणात आठवडाभर खमीर धरलेले धान्य खाणे तर नाहीच, घरात वा गुदामात मालकीचे असणेही चालत नाही. मग पीठवाल्याने, बेकरीवाल्याने काय करावे? तो माल कागद करून गैरयहुदी माणसाला विकतो. इस्रायलमध्ये १९९७ पासून अनेक वर्षे सरकारी साठ्याचा हा खरीदार अबू घोष गावचा एक अरब मुसलमान होता. कोट्यवधींचा माल, बयाणा सुमारे वीस हजार शेकेल. सण संपेपर्यंत बाकी रक्कम भरली नाही तर सौदा रद्द, बयाणा परत. रक्कम भरली असती तर माल खरोखर त्याचा झाला असता.

तपासणारा वेगळा हवा

अमेरिकेत कारखान्यांचा डबाबंद माल वाढला तेव्हा प्रश्न आला, की आत काय आहे हे कोणी पाहिले? तेथील ऑर्थोडॉक्स युनियनने १९२३ साली हाइन्झ कंपनीच्या बीन्सच्या डब्यापासून दाखल्याची सुरुवात केली. १९३५ साली अटलांटाचे रब्बी टोबायस गेफन यांनी कोका कोलाची तपासणी केली. गुप्तता पाळण्याच्या बोलीवर कंपनीने त्यांना घटकांची यादी दाखवली. त्यात जनावराच्या चरबीचे ग्लिसरीन निघाले. रब्बींनी नकार दिला आणि कंपनीला सरकीच्या व खोबऱ्याच्या तेलाचे ग्लिसरीन घ्यावे लागले. आज आपल्या देशातले मसाल्याचे निर्यातदारही कोशर दाखला घेतात.

या दाखल्याचे वजन कशात आहे? तपासणारा हा विकणारा नाही, आणि तो नाही म्हणू शकतो.

आता आपल्याकडे पाहू. हॉटेलावर हलालची पाटी मालकच लावतो, आणि पाटी दिसली की आपण आत शिरतो. आमच्याच घरच्या लग्नात आम्ही मटणाचा भाव तीन ठिकाणी विचारला. जनावर जिबह कोणी केले, हे एकाही ठिकाणी विचारले नाही. कापडाचा ताका घेताना सूत उसवून, जाळून पाहणारे आम्ही. ताटातल्या घासाला मात्र तपासणी नाही!

म्हणून खाद्यधंद्यातील बांधवांना आमची विनंती आहे. मटण कोठून आले त्याची पावती ठेवा. जमातीतल्या जाणत्या आलिमांना अचानक येऊन पाहण्याची मोकळीक द्या. बेकरी व मिठाईवाल्यांनी जिलेटिन, चरबी आणि अर्क यांबद्दल पुरवठादाराकडून लेखी घ्यावे. कोशरचा शिक्का पाहून मात्र माल हलाल समजू नये. त्यांच्याकडे दारू मना नाही, आणि त्यांच्या जिबहबद्दल शंका असेल तर आलिमांना विचारावे.

गिऱ्हाईक आपल्या ईमानाची गोष्ट आपल्या हाती सोपवून जाते. ती अमानत आहे. तिचा हिशेब येथल्या वहीत नसला तरी एके दिवशी मागितला जाणारच आहे.