कृषी शिक्षणातील ऑनलाइन अभ्यासक्रम : गुणवत्ता आणि सुलभता

भारतातील कृषी शिक्षणात संगणकीय पाठांचा प्रवेश कोविड काळात झाला, असा अनेकांचा समज आहे. वस्तुतः भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने राष्ट्रीय कृषी नवोन्मेष प्रकल्पांतर्गत (२००६ ते २०१४) कृषी, उद्यानविद्या, कृषी अभियांत्रिकी, पशुवैद्यक, दुग्धशास्त्र, मत्स्यविज्ञान व गृहविज्ञान या सात शाखांचे पदवी स्तरावरील ई-पाठ तयार करून घेतले होते. ९ जुलै २०१७ रोजी केंद्र शासनाचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ सुरू झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम या व्यासपीठावरून पूर्ण करण्याची मुभा दिली. पाठ उपलब्ध आहेत. परंतु ते विद्यार्थ्याच्या हाती पोहोचतात का आणि पोहोचल्यावर त्यातून कौशल्य निर्माण होते का, हा खरा प्रश्न आहे.

नोंदणी आणि पूर्तता यांतील अंतर

हार्वर्ड व एमआयटी या संस्थांच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. नोंदणी करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी पाठ एकदाही उघडला नाही, तर २०१७-१८ मध्ये अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ३ टक्के होते, असे त्यात आढळले. नोंदणीचा आकडा हे यशाचे मोजमाप नव्हे, हा यातील मुख्य बोध आहे. ज्याप्रमाणे पेरलेल्या बियाण्याच्या वजनावरून उत्पादन ठरत नाही, त्याचप्रमाणे नोंदणीवरून शिक्षण ठरत नाही.

गुणवत्ता : ऐकण्यापेक्षा करण्यावर भर

‘स्वयम्’वरील अभ्यासक्रमाची रचना चार अंगांची असते : दृक्‌श्राव्य पाठ, वाचनसाहित्य, शंकासमाधानासाठी चर्चा आणि स्वयंमूल्यमापन. यांपैकी पहिल्या अंगावर सर्वाधिक श्रम खर्ची पडतात आणि शेवटची दोन दुर्लक्षित राहतात. वर्गातील तासाभराचे व्याख्यान जसेच्या तसे चित्रित करणे म्हणजे ऑनलाइन अभ्यासक्रम नव्हे. एडएक्स व्यासपीठावरील सुमारे ६९ लाख दर्शनसत्रांच्या २०१४ मधील विश्लेषणात असे दिसले की, चित्रफीत कितीही लांब असली तरी प्रेक्षकाचे लक्ष साधारणतः सहा मिनिटांपेक्षा जास्त टिकत नाही. म्हणून एका चित्रफितीत एकच संकल्पना मांडावी व तिच्या अखेरीस एक प्रश्न ठेवावा.

मातीचा नमुना घेण्याचा पाठ हे याचे उत्तम उदाहरण आहे. बांधालगतची, झाडाखालची व खताच्या ढिगाजवळची जागा टाळणे, हंगामी पिकांसाठी १५ ते २० सेंटिमीटर खोल ‘व्ही’ आकाराचा खड्डा घेणे, त्याच्या बाजूने सारख्या जाडीचा थर काढणे, अनेक ठिकाणची माती एकत्र करून तिचे चार भाग पाडणे व समोरासमोरचे दोन भाग काढून टाकत अर्धा किलो नमुना उरवणे, असे या कृतीचे टप्पे आहेत. ‘नमुना किती खोलीवरून घ्यावा?’ हा प्रश्न केवळ स्मरणशक्ती तपासतो. त्याऐवजी एखाद्या शेताचा नकाशा देऊन त्यात चढउतार, विहीर, शेणखताचा ढीग व आंब्याचे झाड दाखवावे आणि विद्यार्थ्याला नमुन्याच्या जागा निवडायला सांगाव्यात. त्यानंतर प्रत्यक्ष शेतात घेतलेल्या नमुन्याची छायाचित्रे मागवावीत. असा प्रश्न निर्णयक्षमता तपासतो, आणि विस्तारकार्यात उपयोगी पडते ती निर्णयक्षमताच.

सुलभता : डेटा, लिपी आणि चित्र

ग्रामीण विद्यार्थ्यासमोरचा पहिला अडसर डेटाचा असतो. सेकंदाला १ मेगाबिट वेगाने चालणारी चित्रफीत तासाला सुमारे ४५० मेगाबाइट डेटा खर्च करते. ६४ किलोबिट वेगाचा केवळ ध्वनी त्याच वेळात सुमारे २९ मेगाबाइटमध्ये भागतो. प्रत्येक पाठाची ध्वनिफीत व लिखित प्रत डाउनलोड करण्याची सोय ठेवल्यास रेंज कमी असलेल्या गावातही अध्ययन खंडित होत नाही.

दुसरा अडसर लिपीचा आहे. मराठीतील बरेच जुने अध्ययनसाहित्य युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलिखित आहे. पडद्यावर ते देवनागरी दिसते. संगणकाच्या लेखी मात्र ती निरर्थक रोमन चिन्हांची रांग असते. परिणामी त्यात शब्द शोधता येत नाही, त्याचे यंत्राद्वारे भाषांतर होत नाही आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याचे वाचक सॉफ्टवेअर ते वाचू शकत नाही. स्कॅन केलेल्या पानांचीही हीच अडचण असते. साहित्य युनिकोडमध्ये आणणे हे कमी खर्चाचे, परंतु दूरगामी परिणामाचे काम आहे.

तिसरा अडसर चित्राचा. ‘आकृतीत दाखवल्याप्रमाणे पाने पिवळी पडतात’ हे वाक्य दृष्टिहीन किंवा रंगांधळ्या विद्यार्थ्याला काहीच सांगत नाही. ‘मक्यात नत्राची कमतरता असल्यास खालच्या जुन्या पानांवर टोकापासून मध्यशिरेच्या दिशेने व्ही आकाराचा पिवळेपणा पसरतो’ असे वर्णन जोडल्यास त्याचा लाभ त्याला होतोच, शिवाय छोट्या मोबाइलवर पाठ पाहणाऱ्या प्रत्येकालाही होतो. दिव्यांगजन हक्क अधिनियम, २०१६ नेही ध्वनी, मुद्रित व इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सुलभ स्वरूपात असावा, अशी अपेक्षा व्यक्त केली आहे.

विस्तार कार्यकर्त्यांची भूमिका

कलम बांधणे, दुधाची तपासणी करणे किंवा फवारणी पंपाचे नोझल निवडणे ही कौशल्ये केवळ पडद्यावर आत्मसात होत नाहीत. सिद्धांत ऑनलाइन व सराव प्रत्यक्ष, अशी विभागणी केल्यास कृषी विज्ञान केंद्रांचे प्रक्षेत्र आणि प्रगतशील शेतकऱ्यांची शेते ही या अभ्यासक्रमांची प्रयोगशाळा ठरू शकतात. आठवड्यातून एकदा पाच-सहा विद्यार्थ्यांचा गट एकत्र आणून शंकांची चर्चा घडवणे, हे कामही विस्तार कार्यकर्ता सहज करू शकतो.

एखादा अभ्यासक्रम इतरांना सुचवण्यापूर्वी पुढील गोष्टी तपासाव्यात : पाठ डाउनलोड होतो का, मजकुरात शब्द शोधता येतो का, चित्रफितीला उपशीर्षके आहेत का, शंकेला ठरावीक मुदतीत उत्तर मिळते का आणि मूल्यमापनात प्रत्यक्ष कृतीला स्थान आहे का. यांतील उणिवा अभ्यासक्रम समन्वयकाला लेखी कळवाव्यात. ज्यांच्यासाठी पाठ रचला जातो, त्यांचा अभिप्राय रचनाकारापर्यंत पोहोचला, तरच पुढील सत्रातील पाठ अधिक उपयुक्त होईल.