आधी शेजार, मग शुभवर्तमान

ख्रिस्ती माणसाचे जिणे पाहून दुसऱ्याच्या मनात श्रद्धा उत्पन्न होते, ती कशाने? प्रवचनाने, असे काही जण सांगतात. शाळा-दवाखान्यांनी, असे दुसरे सांगतात. परंतु प्रवचन ऐकणारा उठून घरी जाऊ शकतो, आणि दवाखान्यात येणारा औषधासाठी येतो. आम्ही कामगार चळवळीतली माणसे या प्रश्नाकडे आमच्या बाजूने पाहतो. भाषणाने वर्गणी जमते. पण संप मोडल्यानंतरही जो पुढारी चाळीत तोंड दाखवतो, त्याच्याच युनियनचे कार्ड लोक जपून ठेवतात. हीच कसोटी लावून जपानच्या तोयोहिको कागावा यांचे चरित्र आम्ही येथे पाहणार आहोत.

कागावा यांचा जन्म १८८८ साली कोबे या बंदराच्या शहरी झाला. आईबाप लहानपणीच वारले. तोकुशिमा येथे अमेरिकन मिशनऱ्यांकडे ते इंग्रजी शिकले आणि १९०४ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे पाद्री होण्याचा निश्चय केला, तेव्हा चुलत्याने आधार काढून घेतला. छातीत क्षय होता. अशा स्थितीत १९०९ च्या डिसेंबरात, नाताळच्या आदल्या दिवशी, वयाच्या एकविसाव्या वर्षी ते कोबेच्या शिंकावा या अत्यंत दरिद्री वस्तीत बिऱ्हाडास गेले. लहानशी खोली, तीत आजारी, बेकार, दारूडे, जो येईल त्यास जागा. या सहवासात त्यांस खुपऱ्यांचा रोग जडला व दृष्टी जन्मभर अधू राहिली.

हे त्यांनी का केले, हे समजण्यासाठी ख्रिस्ती धर्माचे एक मूळ तत्त्व ध्यानात घ्यावे लागते. देवाने वरून नुसता निरोप धाडला नाही. तो मनुष्य होऊन मनुष्यांत राहिला आणि क्रुसावर मेला, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. म्हणून खऱ्या ख्रिस्ती माणसाच्या दृष्टीने शेजारी राहणे हाच उपदेशाचा गाभा ठरतो. सेवा हे आमिष झाले की तिच्यातला प्राण जातो. आणि गरीब माणूस आमिष फार लवकर ओळखतो. कारण सावकार, मुकादम, निवडणुकीचा उमेदवार, सगळे त्याला तेच दाखवीत आलेले असतात.

या जगण्याने कोण ओढले गेले? एक उदाहरण त्यांच्या घरातलेच आहे. शिबा हारू ही कोबेच्या एका छापखान्यात काम करणारी मुलगी. कागावांचे वस्तीतले काम पाहून ती त्यांत सामील झाली, ख्रिस्ती झाली, आणि १९१३ साली त्यांचा विवाह झाला. पुढे १९२१ साली कष्टकरी स्त्रियांच्या जागृतीसाठी संस्था काढण्यात ती अग्रभागी होती. तिची श्रद्धा अशी कामात उतरली.

१९१४ ते १९१७ या काळात कागावा अमेरिकेत शिकले. तेथे त्यांनी कामगारांचे मोर्चे पाहिले. परत आले ते एक पक्की गोष्ट मनाशी बांधून, की दानधर्माने दारिद्र्य हटत नाही. कामगारांनी स्वतः संघटित झाले पाहिजे. १९२० साली निघालेली त्यांची कादंबरी तुफान खपली. तिचा पैसा त्यांनी वस्तीच्या व चळवळीच्या कामी लावला. १९२१ साली कोबेच्या कावासाकी व मित्सुबिशी गोद्यांतील तीस हजारांवर कामगारांनी संप केला. कागावा पुढे होते; त्यांस अटक झाली; संप हरला. त्यांचा अहिंसेचा आग्रह तरुण कार्यकर्त्यांस पटेना, व ते दूर गेले. तथापि कागावा घरी बसले नाहीत. त्याच वर्षी कोबेत ग्राहक सहकारी संस्था उभी राहिली, पुढल्या वर्षी शेतकऱ्यांची युनियन. १९२३ साली तोकियोचा भूकंप होताच ते मदतीस धावले. ती कोबेची सहकारी संस्था आजही मोठा कारभार करीत आहे.

परंतु चित्र एकरंगी काढणे योग्य होणार नाही. १९१५ च्या त्यांच्या एका ग्रंथात जपानमधील अस्पृश्य गणलेल्या लोकांविषयी तुच्छतेची विधाने आहेत, आणि ती त्या लोकांस योग्यच झोंबली. १९३९ च्या जानेवारीत बार्डोलीस गांधीजींची भेट झाली. युद्धाविषयी आपले मत जपानात पाखंडी ठरते, असे कागावांनी सांगितले. तेव्हा ते पाखंड उघड बोला आणि गोळी खाण्यास तयार व्हा, अशा आशयाचे उत्तर गांधीजींनी दिले. चीनवरील आक्रमणाबद्दल त्यांनी चिनी जनतेची क्षमा मागितली होती. १९४० साली त्यांस अटक झाली. तरीही पुढे महायुद्धात त्यांनी अमेरिकेविरुद्ध नभोवाणीवर भाषणे केली. १९६० साली ते वारले.

हे दोष झाकले तर चरित्राची शोभा वाढते, पण विश्वास घटतो. आपण पापी आहोत, हे ख्रिस्ती मनुष्य प्रार्थनेत रोज म्हणतो. तेच जगासमोर म्हणण्याची त्यास लाज वाटू नये. शिंकावातल्या माणसांनी निर्दोष पुरुष पाहिला नाही. त्यांच्याच खरजेत, त्यांच्याच दुखऱ्या डोळ्यांत वाटेकरी झालेला शेजारी पाहिला.

ज्यास आपल्या जगण्याने दुसऱ्यास ख्रिस्ताकडे न्यावयाचे आहे, त्याने म्हणून बाप्तिस्म्यांची वही उघडण्याआधी एक प्रश्न स्वतःस विचारावा: हा शेजारी कधीच ख्रिस्ती झाला नाही, तरी उद्या सकाळी आम्ही त्याच्या दारात जाऊ काय?