बडोद्याचं द्रवस्फटिक घराणं

कॅल्क्युलेटरच्या एलसीडी पडद्यात एकच एक रसायन कधी नसतं, असतं ते द्रवस्फटिकांचं बेतून केलेलं मिश्रण. असं मिसळल्याने नेमकं काय होतं, याचा अभ्यास बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात एलसीडी बाजारात येण्याआधीच सुरू झाला होता.

द्रवस्फटिक म्हणजे धड घन नाही, धड द्रव नाही. लांबट रेणू वाहतात, पण एकाच दिशेला रोख धरून. 1888 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ रायनित्झर यांना कोलेस्टेरिल बेंझोएट 145.5 अंशांना वितळून गढूळ आणि 178.5 अंशांना नितळ होताना दिसलं. कोडं उलगडेना, म्हणून त्यांनी नमुने भौतिकशास्त्रज्ञ लेहमान यांच्याकडे धाडले. रसायन आणि भौतिकी यांची इथे पहिल्यापासूनच गाठ पडली आहे.

रसायनशास्त्रज्ञ जे. एस. दवे यांनी एम. जे. एस. ड्यूअर यांच्याबरोबर 1954 आणि 1955 मध्ये मिश्र द्रवस्फटिकांवर शोधनिबंध लिहिले. पुढे बडोद्यात त्यांनी हाच विषय लावून धरला. 1967 मध्ये त्यांचा जे. एम. लोहार यांच्यासोबतचा निबंध आला. आरसीए या अमेरिकी कंपनीने एलसीडी जगासमोर मांडली ती 1968 मध्ये.

प्रयोग चिकाटीचा. काचपट्टीवर कणभर मिश्रण, खाली तापवायची सोय, सूक्ष्मदर्शकात काटकोनात बसवलेले दोन ध्रुवक. साधा द्रव असेल तर काळोख. द्रवस्फटिक असेल तर नक्षी उमटते: नेमॅटिक अवस्थेत (रेणूंचा फक्त रोख एक) दोऱ्यांसारख्या रेषा, स्मेक्टिकमध्ये (रेणू थरांतही रचलेले) पंख्यासारखे आकार. तापमान सावकाश वाढवायचं, नक्षी कधी येते, कधी विझते ते टिपायचं. प्रमाण बदलून पुन्हा तेच.

आलेख काढला की दिसतं, मिश्रणाचा द्रवणांक बराच खाली येतो. नेमॅटिक अवस्था संपण्याचं तापमान मात्र पुष्कळदा जवळपास सरळ रेषेतच सरकतं. म्हणजे मधली द्रवस्फटिक अवस्था रुंदावते. उदाहरणार्थ, इंग्लंडमध्ये हल येथे जॉर्ज ग्रे यांच्या गटाने 1973 मध्ये जाहीर केलेल्या सायनोबायफेनिल कुळातलं 5सीबी एकटं 24 ते 35 अंशांतच नेमॅटिक असतं. त्याच कुळातली तीन संयुगं आणि एक सायनोटरफेनिल यांचं ई7 हे मिश्रण सुमारे 60 अंशांपर्यंत टिकतं.

मला सर्वांत देखणी वाटते ती पुढची पायरी. एखादं संयुग स्वतः कधीच द्रवस्फटिक होत नाही. ते द्रवस्फटिकात थोडं थोडं मिसळून मिळालेली रेषा शंभर टक्क्यांपर्यंत वाढवली, की त्याचं सुप्त संक्रमण-तापमान कळतं. प्रत्यक्षात ते दिसत नाही, कारण त्या तापमानाला संयुग अजून घनच असतं.

आर. ए. व्होरा आणि सहकाऱ्यांनी नवे रेणू घडवणं बडोद्यात चालू ठेवलं: शेपटीची कार्बनसाखळी एकेका अणूने लांबवायची आणि नेमॅटिकची जागा स्मेक्टिक कुठे घेते ते पाहायचं.