थोड्यांचं म्हणणं कसं ऐकलं जातं?

आपल्या गटाच्या जुन्या संगणकावर लिनक्स आहे. मुलं विचारतात, "ताई, यावर आमचा गेम का चालत नाही?" त्याचं उत्तर आपल्यालाही उपयोगी आहे.

संगणकाचा सगळा कारभार एक मुख्य प्रणाली सांभाळते. बहुतेक घरी ती विंडोज असते, ती विकतची. लिनक्स फुकट मिळते. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिची सुरुवात केली. पण घरच्या संगणकावर ती वापरणारे थोडे. गेम बनवणाऱ्यांना वाटे, एवढ्याशा गिऱ्हाइकांसाठी वेगळी मेहनत कशाला? शिवाय फुकटाची सवय असलेले पैसे देतील का?

२०१० मध्ये 'हंबल इंडी बंडल' नावाने काही गेम एकत्र विकायला आले. ते विंडोज, मॅक आणि लिनक्स, तिन्हींवर चालत. किंमत गिऱ्हाइकानेच ठरवायची होती. लिनक्सवाल्यांनी सरासरी सगळ्यांत जास्त पैसे दिले! कोणी किती दिले, हे सगळ्यांना दिसत होतं.

२०१३ मध्ये 'स्टीम' हे गेमचं मोठं ऑनलाइन दुकान लिनक्ससाठी उघडलं. २०१८ मध्ये त्याच कंपनीने 'प्रोटॉन' आणलं. त्यामुळे विंडोजचे बरेच गेम लिनक्सवर चालू लागले. काही गेम अजून अडतात, कारण त्यांच्या कंपन्या परवानगी देत नाहीत. तिथे मागणी चालूच आहे.

मैत्रिणींनो, आपणही बँकेत किंवा पंचायतीत जाताना नुसती विनंती करू नका. आपण किती जणी, बचत किती, हप्ते किती फेडले, हे कागदावर मांडा. थोड्या असलो तरी हिशोब बोलतो.